फाईलमधील मजकूर व्हेरिएबलमध्ये घेताना

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहू लागलो, तेव्हा रोज सकाळी येणारी भावांची फाईल शेल स्क्रिप्टने (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेल या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या कमांडच्या फाईलने) वाचून तिचा संदेश तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रकारांच्या भावांच्या तीन ओळी तिच्यात असत. व्हेरिएबलचे (मजकूर साठवून ठेवणाऱ्या जागेचे) नाव, बरोबरचे चिन्ह, मग डॉलरचे चिन्ह, त्यापुढे कंस आणि कंसात फाईलमधील मजकूर दाखवणारी कॅट कमांड व फाईलचे नाव, एवढ्यावर मजकूर व्हेरिएबलमध्ये आला. बरोबरच्या चिन्हाच्या कोणत्याही बाजूला मोकळी जागा सोडायची नाही, एवढेच पथ्य होते.

अडचण आली ती मजकूर बाहेर काढताना. मजकूर छापणाऱ्या इको कमांडपुढे व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय लिहिल्यामुळे तिन्ही ओळींची एकच ओळ झाली, आणि एके दिवशी दिवाणजींनी वापसीच्या भावाशेजारी खुणेसाठी सुटे तारकाचिन्ह टाकले, तेव्हा त्या जागी फोल्डरमधील सगळ्या फाईलींची नावे संदेशात गेली. मी दोन तास भावांची फाईलच तपासत बसलो. ती निर्दोष होती. अवतरणाबाहेरच्या व्हेरिएबलमधील मजकुराचे शेल आधी मोकळ्या जागांवर तुकडे करते आणि मग त्यातील तारकाचिन्हाचा अर्थ ‘येथील सर्व फाईली’ असा लावते. दुहेरी अवतरणात तोच मजकूर जसाच्या तसा राहतो, म्हणून व्हेरिएबल वापरताना अवतरणे घालण्याची सवय नवशिक्यांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. फाईलच्या शेवटच्या रिकाम्या ओळी मात्र वाचतानाच गळतात. अवतरणांनीही त्या परत येत नाहीत.

बॅश या शेलमध्ये कॅटऐवजी कंसात नुसते ‘<’ आणि फाईलचे नाव लिहिले तरी चालते, आणि वेगळा प्रोग्रॅम सुरू करावा लागत नाही. तीच स्क्रिप्ट उबुंटूवर ‘एसएच’ या कमांडने चालवली, तर तेथे प्रत्यक्षात डॅश हे वेगळे शेल असल्यामुळे कोणतीही तक्रार न होता व्हेरिएबल रिकामे राहते. प्रत्येक ओळ वेगळी हवी असल्यास 2009 मध्ये आलेल्या बॅश 4 पासून ओळींची यादी करून देणारी मॅपफाईल ही कमांड उपलब्ध आहे.

विंडोजवर तयार झालेल्या फाईलींनी मला सर्वांत जास्त छळले. त्यांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह असते, त्यामुळे पडद्यावर ‘नवती’ स्पष्ट दिसत असूनही स्क्रिप्टमधील ‘नवती’ या शब्दाशी त्याची तुलना जुळत नाही. फाईल व्हेरिएबलमध्ये घेण्यापूर्वी चिन्हे बदलणाऱ्या किंवा गाळणाऱ्या टीआर कमांडने ते चिन्ह काढून टाकले, तेव्हाच माझी तुलना जुळली.