‘आत यायचं का?’ असं विचारू नका

नाशिकहून लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि रंकाळ्याजवळच्या एका बालवाडीत रुजू झाले. बालशिक्षणाचा डिप्लोमा होता, त्यामुळे मुलांशी बोलता येतं असा समजही होता. साडेतीन वर्षांच्या एका पोरीनं तो पहिल्याच आठवड्यात उतरवला.

ती घसरगुंडीच्या टोकावर बसलेली. मी खालून गोड आवाजात म्हटलं, "आत यायचं का आपण?"

"नाही."

आता यात तिचं काय चुकलं? मी विचारलं, तिनं सांगितलं. नव्या बायांना मी हेच आधी सांगते, जिथं नकार चालणार नाही तिथं प्रश्न विचारायचाच नाही. "घंटा झाली, आता आत जायचंय. बेडकासारखं जायचं की मांजरासारखं?" एवढं बोलून गप्प राहायचं. हे गप्प राहणंच जड जातं. मनात दहापर्यंत मोजायचं ठरवायचे आणि तीनलाच पुन्हा तोंड उघडायचे. मग आवाज चढायचा, ती घसरगुंडीचा कठडा आणखी घट्ट धरायची.

बेडूक-मांजर दोन आठवडे चाललं. मग ती म्हणाली, "हत्ती." बरं, हत्ती तर हत्ती. आत आली ना!

लांबून हाका मारून काही होत नाही, जवळ जाऊन खाली बसावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. डिप्लोमाच्या परीक्षेत यावर मी दहा ओळी लिहिल्या होत्या. घसरगुंडीपर्यंत वीस पावलं चालायचं मात्र सुचलं नव्हतं.

माझी खरी चूक वेगळीच. इथल्या मुली, बायका सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणतात. ती "मी येत नाही, जावा" म्हणाली की तिच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं, बोली सुधारायची नाही. पण "मी खातो" म्हणाली तेव्हा मी टोकलं, "खाते म्हणावं." तिनं डबा बंद केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सोबतच्या बाई हसल्या. "अहो, तिची आज्जी बी असंच बोलती. कुणाकुणाला सुधारणार?"

ती आज्जी रोज फाटकात भेटायची. "द्या की एक ठेवून, लई डोक्यावर बसलीया." तिथं वाद घालू नका. "आज आपणहून आत आली," एवढंच पोरीच्या देखत सांगा. आज्जीपेक्षा तीच जास्त कान देऊन ऐकते.

मार्चमध्ये एकदा मी फाटकातून तिला हात केला. "येते हं मी!"

तिनं मान हलवली. "येतो म्हणा, बाई."