हंगर गेम्स वाचायला घेताय? मग आधी पावाकडे लक्ष द्या

भाचीची दहावीची परीक्षा संपली आणि संध्याकाळी पहिला मेसेज आला, मावशी हंगर गेम्स वाचायचंय, पाच पुस्तकं आहेत, कुठलं आधी घेऊ? उत्तर टाइप करत गेले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं आता नीटच लिहून काढते, अजून कोणाला तरी उपयोगी पडेल.

तर आधी क्रम, कारण घोळ तिथेच होतो. सुझान कॉलिन्सची मूळ पुस्तकं तीन, द हंगर गेम्स २००८, कॅचिंग फायर २००९, मॉकिंगजे २०१०. मग दहा वर्षांनी २०२० ला बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स आणि २०२५ ला सनराइज ऑन द रीपिंग. आता ही शेवटची दोन कथेच्या काळाने आधीची आहेत, म्हणजे मूळ पुस्तकांची नायिका कॅटनिस जाते ते ७४वे खेळ, बॅलडमधले १०वे आणि सनराइजमधले ५०वे (खेळ म्हणजे दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यातून उचललेली मुलं आखाड्यात एकमेकांना मारतात, आणि ते सगळ्या देशाला टीव्हीवर दाखवतात). त्यामुळे काही जण सांगतात की १०, ५०, ७४ असं ओळीने वाचा. प्लीज नका वाचू. बॅलडचा नायक आहे स्नो, मूळ पुस्तकांतला क्रूर राष्ट्राध्यक्ष, इथे अजून अठरा वर्षांचा, मोठं घराणं पण घरात खायचे वांधे, आणि वाचता वाचता चक्क त्याची कीव यायला लागते. हा माणूस पुढे काय होणार हे माहीत असताना कीव येते, त्यात खरी मजा आहे (मजा म्हणजे पोटात गोळा येणारी मजा). तेच पुस्तक आधी वाचलं तर एका गरीब हुशार मुलाची गोष्ट एवढंच उरतं. मॉकिंगजेमध्ये एक गाणं येतं, ते कुठून आलं ते बॅलडमध्ये कळतं, म्हणजे उलटं वाचलं की कोडं पडायच्या आधीच उत्तर हातात. छापली त्या क्रमाने वाचा, विषय संपला.

इंग्रजीची भीती वाटत असेल, आमच्यासारखे मराठी मीडियमवाले, तर मूळ तिन्ही पुस्तकं कॅटनिस स्वतः सांगते आणि साध्या वर्तमानकाळात सांगते, मी धावते, मी झाडावर चढते, वाक्यं छोटी. डिक्शनरी घेऊन बसायची गरज नाही. फक्त तीन शब्द आधी समजून घ्या. ट्रिब्यूट म्हटलं की आपल्याला पेपरातली श्रद्धांजली आठवते, इथे अर्थ आहे खंडणी, खेळात पाठवलेल्या मुलांना हेच म्हणतात. ग्रीक गोष्टीत अथेन्सला दंड म्हणून ७ मुलगे आणि ७ मुली क्रीटच्या राक्षसाला पाठवायला लागायच्या, तिथून ही कल्पना आली असं कॉलिन्सनेच सांगितलंय. दुसरा शब्द रीपिंग, म्हणजे पिकाची कापणी. जिल्ह्यातली १२ ते १८ वयाची पोरं मैदानात उभी करून एक मुलगी एक मुलगा चिठ्ठी टाकून उचलायचे, आणि त्या दिवसाला नाव कापणी. हे लक्षात आलं की पहिलंच प्रकरण वेगळं वाचलं जातं.

तिसरा शब्द टेसेरा, आणि इथे जरा थांबा, बरेच लोक हे पान भराभर उलटतात. जुन्या रोममध्ये धान्य मिळायचं टोकन असायचं त्याचं हे नाव. पुस्तकात एक टेसेरा म्हणजे एका माणसाला वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल, बदल्यात तुमच्या नावाची एक चिठ्ठी जास्त. चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. कॅटनिसच्या घरात तीन माणसं, म्हणून वर्षाला १ नेहमीची आणि ३ टेसेराच्या, अशा ४, बारापासून सोळापर्यंत पाच वर्षं, झाल्या २०. तिचा शिकारीतला मित्र गेल अठराचा, घरात पाच तोंडं, वर्षाला ६, सात वर्षांच्या ४२. आणि ज्या मुलीचं घर खाऊनपिऊन सुखी आहे तिच्या सोळाव्या वर्षी फक्त ५. चिठ्ठी सगळ्यांना सारखी म्हणतात ती अशी सारखी. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पुस्तकाबद्दलचं माझं मतच बदललं, तोपर्यंत मला ती मारामारीची गोष्ट वाटत होती.

आणि म्हणूनच माझी मेन टिप, पेन्सिल घ्या आणि खाण्याचा उल्लेख आला की खूण करा. मस्करी नाही करत. देशाचं नावच पॅनेम, लॅटिनमध्ये पाव. रोमन कवी जुवेनल म्हणून गेला की लोकांना आता दोनच गोष्टी हव्यात, पाव आणि खेळतमाशे, ते नाव त्याच्यातून घेतलंय. पोर्तुगीज भाषेतला पावाचा शब्द याच लॅटिन शब्दावरून आला आणि पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे आला, म्हणजे आपल्या वडापावातला पाव आणि पॅनेम एकाच घरातले निघाले! मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते, कोणाला काही पडलेली नव्हती.

पहिल्याच प्रकरणात गेल एक पाव आणतो, त्यात बाण खुपसलेला असतो, बेकरीवाल्याला खार देऊन घेतलेला. पीटा, म्हणजे बेकरीवाल्याचा मुलगा आणि कॅटनिसबरोबर खेळात जाणारा, त्याची ओळख होते तीच करपलेल्या पावातून, अकरा वर्षांची उपाशी कॅटनिस पावसात आणि हा आईचा मार खाऊन तिच्याकडे पाव फेकतो. पुढे प्रत्येक जिल्ह्याचा पाव वेगळा निघतो, चार नंबर समुद्राकाठचा तर त्यांचा माशाच्या आकाराचा, त्यात समुद्री शेवाळ घातलेलं. ११ नंबरकडून एक पाव येतो तिथे मला रडू आलं, का ते सांगत नाही. कॅचिंग फायरमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे श्रीमंत राजधानीच्या, पार्टीत लोक अजून खाता यावं म्हणून ओकारीचं पेय पितात, त्या पानाशेजारी टेसेराचं पान ठेवून बघा. आणि त्याच पुस्तकात पात्रं पाव मोजायला लागली की तुम्ही पण मोजा, एवढंच सांगते.

आता किती वाचायचं एका वेळी. मूळ तिन्ही पुस्तकांचे तीन तीन भाग आणि प्रत्येक भागात ९ प्रकरणं, म्हणजे एका पुस्तकात २७. कॉलिन्स आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची, त्यामुळे प्रकरण संपतं ते बरोब्बर ब्रेकच्या आधी संपावं तसं. प्रकरण संपलं की झोपते असं ठरवाल तर पहाटे तीन वाजतात, स्वानुभव आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग होती. उपाय सोपा, प्रकरणाच्या मधेच थांबायचं, सात आठ पानं झाली की जिथे असाल तिथे पान दुमडा.

मॉकिंगजेला मात्र हा त्रास नाही, उलट तिथे लोक पुस्तक अर्धवट सोडतात. आधीच्या दोन पुस्तकांसारखा आखाडा नाही, कॅटनिस आजारी, गप्प, कोणीतरी तिला मेकअप करून कॅमेऱ्यासमोर उभी करतंय. बोअर झालं तर एक प्रश्न विचारत वाचा, आत्ता कॅमेरा कोणाच्या हातात आहे आणि शूटिंग कोणाला दाखवायचंय? कॉलिन्सचे वडील व्हिएतनाम युद्धात होते, आणि गोष्ट सुचली ती रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना, एकीकडे रिअॅलिटी शो दुसरीकडे इराक युद्ध. म्हणजे तिसरं पुस्तक वाट चुकलेलं नाही, कॉलिन्सला बहुतेक इथेच यायचं होतं.

गेल की पीटा यावर भांडायचं असेल तर भांडा, मी त्यात नाही.

सिनेमे पुस्तकानंतर बघा. पुस्तकात आपल्याला फक्त कॅटनिसला दिसतं तेवढंच दिसतं, खेळ चालवणाऱ्यांची कंट्रोल रूम सिनेमाने घातली, आणि एकदा ती बघितली की आत अडकल्यासारखं वाटत नाही. कॅटनिस खेळात लावून जाते ती पक्ष्याची पिन पुस्तकात महापौरांची मुलगी मॅज देते, सिनेमात मॅजच गायब. छोटी गोष्ट वाटते, पण सनराइज वाचताना मॅज माहीत असलेली बरी.

घरातल्या मुलांना द्यायचं असेल तर माझ्या मते आठवी नववीच्या आधी नको, मुलं मुलांना मारतात आणि ते लपवलेलं नाहीये. आधी स्वतः वाचा.

आणि सनराइज संपलं की लगेच पहिल्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं परत काढा. तिथे हेमिच, म्हणजे सनराइजचाच नायक, कापणीच्या दिवशी झिंगत स्टेजवर येतो आणि सगळ्या देशासमोर धडपडतो, पहिल्या वेळी आपण हसतो. परत वाचताना बघा हसू येतं का.

भाची सध्या कॅचिंग फायरमध्ये आहे. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी थांबू नकोस असं बजावून ठेवलं होतं, थांबली. रात्री पावणेबाराला फोन.