वाटून खायचा डबा कसा भरावा

ऑफिसात आमच्या टेबलावर एक वाजता पाच डबे उघडतात. पहिल्या वर्षी मी डबा भरायचो तो नेमका माझ्यापुरता. भेंडीचं झाकण निघालं की चार चमचे आत जायचे आणि मी शेवटच्या दोन पोळ्या लोणच्याशी खायचो. तक्रार करायला जागा नव्हती, कारण समोरच्या पावट्याच्या उसळीवर माझाही हात पडलेला असायचा. तेव्हापासून सकाळी ओट्यापाशी एकच नियम पाळतो: एक पदार्थ भरपूर करायचा, बाकी सगळं आपल्यापुरतं.

१. आधी वेळ मोजा

सातला घर सोडणाऱ्याचं अन्न एक वाजेपर्यंत सहा तासांचं झालेलं असतं. मुंबईत डबेवाल्यांची सेवा १८९०च्या सुमारास सुरू झाली, आणि तिचा एक मोठा फायदा हाच, की डबा माणसाच्या मागून उशिरा निघतो. ज्यांचा डबा पाठीवरच्या बॅगेतून जातो त्यांनी पदार्थ त्या हिशेबाने निवडावा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपली बॅग बरोबर त्याच पट्ट्यात असते. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्याबरोबर डबा त्यात ठेवा. नसेल तर एप्रिल-मेमध्ये ओल्या नारळाची चटणी, नारळ घातलेली उसळ आणि आदल्या रात्रीचा भात घरीच राहू द्या. चटणी हवीच असेल तर जवसाची, कारळाची किंवा लसणाची कोरडी न्या.

२. वाटायची भाजी निवडा

रस्सा नको. मटकीच्या उसळीने एकदा लोकलमध्ये माझ्या बॅगेसकट शेजारच्या काकांची पँट पिवळी केली, तेव्हापासून मी कोरड्याच भाज्या नेतो. बटाट्याच्या काचऱ्या, फ्लॉवर-मटार, परतलेली गवार, भेंडी. भेंडी धुऊन पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा, झाकण न ठेवता परता आणि दोन आमसुलं टाका, म्हणजे तार राहत नाही. मीठ शेवटी घाला.

पण टेबलावर पुरवठ्याला येणारी भाजी म्हणजे पीठ पेरलेली ढोबळी मिरची. पाव किलो मिरचीला चार मोठे चमचे बेसन पुरतं. तेल नेहमीपेक्षा जरा सढळ घ्या. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत मिरची अर्धवट शिजवा, तिखट-मीठ घाला, मग बेसन वरून भुरभुरा आणि मंद आचेवर परतत राहा. पिठाचा कच्चा वास गेला की झालं. भाजीला सुटणारं पाणी बेसन पिऊन टाकतं, त्यामुळे डबा गळत नाही, आणि तेवढ्याच मिरचीत भाजी दीडपट होते. कोबी आणि कांद्याची पातही अशीच करता येते.

३. पोळ्यांना घाम येऊ देऊ नका

गरम पोळ्या डब्यात कोंबल्या की वाफेचं पाणी होतं आणि तळची पोळी ओल्या कागदासारखी निघते. कणकेत चमचाभर तेल घाला, तव्यावरून काढलेली पोळी जाळीवर किंवा सुती कापडावर टाका, कोमट झाली की घडी करा आणि त्याच कापडात गुंडाळून भरा. फार वेळ मऊ राहायला हव्या असतील तर पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवा. प्रवासाच्या दशम्यांची युक्ती तीच. पोळ्या मात्र आपल्या भुकेपेक्षा दोन जास्त न्या. जास्तीच्या भाजीला शेवटी पोळीच कमी पडते.

४. दही आणि कोशिंबीर

दहीभात एक वाजेपर्यंत आंबतो, म्हणून तो दह्यात कालवूच नये. गार झालेला मऊ भात कोमट दुधात सैलसर कालवा, वर चमचाभर दही घाला, हिंग-मिरचीची फोडणी द्या. जेवायच्या वेळेला तो बेताचा लागलेला असतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घरून घालू नका, नाहीतर डब्यात पाण्यात पोहणारी काकडी सापडेल. मिठाची पुडी वेगळी न्या.

५. उपासाच्या दिवशी

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उपास करणाऱ्यावर आहे. ऑफिसात ती उपास न करणाऱ्यांना लागू पडते. साबुदाण्याची खिचडी आणलेल्या माणसाला आपलीच खिचडी मिळत नाही, आणि त्याला समोरच्याची पोळीही चालत नाही, म्हणजे खरा उपास त्यालाच घडतो. चतुर्थी असो की आषाढी, एका वाटीऐवजी तीन वाट्या साबुदाणा भिजवा. धुऊन वर जेमतेम पाणी राहील एवढंच ठेवा, रात्रभर झाकून ठेवा. गार खिचडी दडस होते, म्हणून दाण्याचं कूट हात सैल सोडून घाला आणि ऑफिसात पाण्याचा हबका मारून, झाकून गरम करा.

याच कुटाबद्दल एक सूचना. आपल्याकडे ते खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, कुठेही असतं आणि दिसत नाही. टेबलावर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर झाकण उघडतानाच सांगा.

६. टेबलावर

वाटायचा पदार्थ वेगळ्या डब्यात, आणि त्यात घरून आणलेला स्वच्छ चमचा. आपण घास घ्यायच्या आधी सगळ्यांना वाढा. उष्ट्याचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि जो कुणी संकोचामुळे हात पुढे करत नव्हता तोही घेतो.

नव्याने शहरात आलेला, खोलीवर राहणारा कुणी रोज वडापाववर भागवत असेल तर त्याला “हवंय का?” असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: “नको, आत्ताच खाल्लं.” त्याऐवजी झाकणावर पोळी-भाजी वाढून सरकवा आणि म्हणा, “बघ रे, मीठ जास्त झालंय का?” मीठ तपासायला कुणी नाही म्हणत नाही. सामिष आणि शाकाहारी डबे एकाच टेबलावर सुखाने नांदतात, फक्त चमचे वेगळे हवेत. सुकट किंवा बोंबील मात्र ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. मला दोन्ही अतिशय आवडतात, तरी सांगतो. आणि कुणाला एकट्याने जेवायचं असेल तर जेवू द्या, त्याच्या डब्यात काय आहे हे वाकून बघू नका.

७. परतीचा डबा

कुणी तुम्हाला घरी न्यायला डब्यातून लाडू किंवा लोणचं दिलं तर तो डबा रिकामा परत करू नये, ही आपल्याकडची रीत. फार काही लागत नाही. दोन लिंबं, मूठभर शेंगा, काहीच नसेल तर चिमूटभर साखर.

आपला डबा ऑफिसातच विसळून आणा, विशेषतः शुक्रवारी. झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी धुवा, वास तिथेच दडलेला असतो. सोमवारी सकाळी बॅगेत शुक्रवारचा डबा सापडला, तर उघडण्याआधी खिडकी उघडा. मग गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून तासभर ठेवा, आणि त्या दिवशी बाहेर जेवा.