नव्या संगीतकाराची कॉन्सर्ट कशी ऐकायची? आधी चौघांचं ऐका, मग ऐंशी जणांचं

वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की बाख, मोझार्ट, बेथोव्हेन ही नावं येतात आणि ती यायलाच हवीत, पण आजची माणसंही ऑर्केस्ट्रासाठी लिहितायत, आणि त्यांची कॉन्सर्ट ऐकायला जाताना तयारी काय करायची, हॉलमध्ये बसून नेमकं कशाकडे कान द्यायचा, हे कोणी नीट सांगतच नाही. मग होतं काय, लोक जातात, दहा मिनिटं गोंधळतात, इंटरव्हलला "काही कळलं नाही बुवा" म्हणतात आणि परत त्या वाटेला जात नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात ना संगीताचा दोष असतो ना ऐकणाऱ्याचा, बहुतेक वेळा नुसता क्रम चुकलेला असतो.

माझं मत अगदी ठाम आहे: दहा नवे संगीतकार थोडे थोडे ऐकू नका. एक माणूस धरा, त्याचं चेंबर म्युझिक आधी ऐका, म्हणजे दोघं, चौघं, सातजण वाजवतात ते, आणि मगच त्याच माणसाच्या ऑर्केस्ट्राच्या कामाकडे जा. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये चारच माणसं समोर असतात, दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं), एक चेलो, कोण काय वाजवतंय ते डोळ्यांनी दिसतं, एखादा सूर आला की तो कुठून आला हे शोधावं लागत नाही. ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद जण एकावर एक थर देत असतात, तिथे नवखा कान हरवतो, साहजिकच आहे. पण लिहिणाऱ्याची सवय तीच असते हो, त्याला कुठे थांबायला आवडतं, किती वेळ एका सुरावर राहतो, आवाज वाढवतो तो हळूहळू की एकदम, हे चौघांच्या कामात एकदा ओळखलं की ऐंशी जणांतही सापडतं.

सुरुवातीला कोणाला धरायचं? मी सांगेन आर्वो पेर्त. एस्टोनियाचे, जन्म 1935 चा, आणि त्यांचं संगीत इतकं कमी सुरांत चालतं की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही धरायला काहीतरी मिळतं. त्यांचं 'फ्रात्रेस' घ्या. 1977 मध्ये लिहिलं तेव्हा ते अमुकच वाद्यांसाठी असं ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या, व्हायोलिन-पियानो, स्ट्रिंग क्वार्टेट, बारा चेलो, स्ट्रिंग्ज (तंतुवाद्यं) आणि पर्कशन (ठोकून वाजवायची वाद्यं). अभ्यासाला याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. खाली दोन सूर सतत धरलेले असतात, आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि प, आणि वर एक चाल फिरून फिरून येते, दर वेळी जरा खालच्या जागेवरून. आधी क्वार्टेटची आवृत्ती ऐका, मग स्ट्रिंग्ज-पर्कशनची, आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: वाद्यं बदलली, माणसं वाढली, तरी बदललं नाही ते काय? त्याचं उत्तर जे येईल तो पेर्त.

मग त्यांचंच 'कान्टुस'. इंग्लंडचे संगीतकार बेंजामिन ब्रिटन 1976 च्या डिसेंबरमध्ये गेले, त्यांच्या आठवणीसाठी हे पुढच्या वर्षी लिहिलं, स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आणि एक घंटा, बस, सहा-सात मिनिटांचं काम. त्यात होतं एवढंच की सगळी वाद्यं एकच उतरता स्केल, म्हणजे अवरोह, वाजवतायत, पण प्रत्येक गट वेगळ्या वेगाने, वरचे व्हायोलिन भराभर, त्याखालचा गट निम्म्या वेगाने, त्याखालचा त्याच्या निम्म्या, असं करत डबल बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य, सगळ्यात संथ. पहिल्यांदा ऐकताना फक्त डबल बेस ऐका. दुसऱ्यांदा फक्त वरचे व्हायोलिन. तिसऱ्यांदा सगळं एकत्र. आणि शेवटी स्ट्रिंग्ज थांबल्यावर घाईने काही करू नका, घंटेचा सूर मागे राहिलेला असतो, तो आधीपासून तिथे होता पण इतक्या वाद्यांखाली दबलेला होता, आता मोकळा ऐकू येतो. हे लाईव्ह हॉलमध्येच कळतं, रेकॉर्डिंगवर तो भाग पटकन निसटतो.

पेर्त फार शांत वाटले आणि जरा जोर असलेलं हवं असेल तर अमेरिकेचे स्टीव्ह राईश आणि जॉन अ‍ॅडम्स. राईश यांचं 1988 चं 'डिफरंट ट्रेन्स' चेंबरमध्येच मोडतं, स्टेजवर चौघंच, पण त्यांच्याबरोबर टेपवर आधीच वाजवून ठेवलेले क्वार्टेटचे थर, आगगाड्यांचे आवाज आणि माणसांचं बोलणं. लहानपणी, 1939 ते 42 च्या काळात, राईश न्यूयॉर्क ते लॉस एंजलिस असा रेल्वेने प्रवास करायचे, आणि नंतर त्यांच्या मनात आलं की आपण ज्यू, त्या वर्षांत युरोपात असतो तर आपल्याला वेगळ्याच गाड्यांत बसावं लागलं असतं. ऐकायचं काय, तर बोलण्यातला चढउतार जसाच्या तसा व्हायोला किंवा चेलो वाजवतं, बहुतेक वेळा आधी वाद्यावर येतो आणि मग तोच बोलण्याचा तुकडा टेपवर. हे एकदा कानाने पकडलं की पूर्ण अर्धा तास कसा जातो कळत नाही. अ‍ॅडम्सचं 'शेकर लूप्स' आधी सात तंतुवाद्यांसाठी होतं, 1978, मग 1983 मध्ये स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी केलं, म्हणजे परत तीच सोय, लहान आणि मोठं शेजारी शेजारी ठेवून ऐकायची. कॅरोलाइन शॉचं 'आंत्राक्त' पण तसंच, 2011 ला क्वार्टेट आणि 2014 ला स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा, आणि ते हायडनच्या एका मिन्युएटवरून (जुन्या नाचाच्या तालातला तुकडा) सुचलेलं असल्यामुळे जुनं ऐकणाऱ्यांना पाय टेकायला जागा मिळते.

क्वार्टेट आणि ऑर्केस्ट्राच्या मधली पायरी म्हणजे कॉन्चेर्टो. ऑर्केस्ट्रा मोठाच, पण पुढे एक माणूस उभा, डोळे आणि कान त्याच्यावर ठेवले की बाकीचं आपोआप त्याच्याभोवती लागत जातं. कोरियाच्या उन्सुक चिन यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो यासाठी फार चांगला, त्याला संगीतरचनेसाठीचा 2004 चा ग्रॉमायर पुरस्कार मिळालाय, व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारांवर सगळी इमारत उभी आहे. फिनलंडच्या काया सारियाहो (2023 मध्ये गेल्या) यांचा 'ग्राल तेआत्र' हाही व्हायोलिन कॉन्चेर्टोच, आणि त्याची छोट्या ऑर्केस्ट्रासाठीची आवृत्तीही आहे.

आता तिकीट काढायच्या आधीची गोष्ट. नेहमीच्या ऑर्केस्ट्रा कॉन्सर्टमध्ये नवीन काम बहुतेक वेळा पहिलं असतं, दहा-पंधरा मिनिटांचं, मग कॉन्चेर्टो, मग इंटरव्हल, मग एखादी मोठी जुनी सिम्फनी. म्हणून उशिरा पोचू नका, दार बंद झालं की ज्यासाठी आलात तेच हुकेल!! दुसरा प्रकार म्हणजे एकाच संगीतकाराचा पूर्ण कार्यक्रम. लंडनच्या बार्बिकनला बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा 'टोटल इमर्शन' नावाचे दिवस करते, एकाच दिवसात एका संगीतकारावर गप्पा, चेंबर कॉन्सर्ट, आणि रात्री ऑर्केस्ट्रा. न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या मिलर थिएटरमध्ये 'कम्पोझर पोर्ट्रेट्स' नावाची मालिका असते, तिथे भर चेंबरवर. असं काही जवळपास होत असेल तर डोळे मिटून तेच घ्या, दहा वेगवेगळ्या कॉन्सर्टपेक्षा जास्त मिळतं. आणि जवळपास काहीच नसेल तरी अडत नाही, बर्लिन फिलहार्मोनिकचा डिजिटल कॉन्सर्ट हॉल आहे, फ्रँकफर्ट रेडिओ सिम्फनीच्या यूट्यूब चॅनलवर अख्ख्या कॉन्सर्ट फुकट आहेत, चांगले हेडफोन लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

घरी तयारी किती करायची? पूर्ण नवीन काम असेल, वर्ल्ड प्रीमियर, तर रेकॉर्डिंग नसणारच, मग त्याच संगीतकाराचं दुसरं छोटं काम दोन-तीनदा ऐकून जा. रेकॉर्डिंग असेल तर एकदा पूर्ण ऐका, कामं करता करता चालेल, आणि एकदा नीट बसून. त्याहून जास्त नको, नाहीतर हॉलमध्ये तुम्ही रेकॉर्डिंगशी तुलनाच करत बसता. नोटेशन थोडं वाचता येत असेल तर बूझी अँड हॉक्स, फेबर म्युझिक हे प्रकाशक बरेच स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं छापील नोटेशन, साईटवर बघायला ठेवतात, नुसतं चाळलं तरी कुठे गर्दी आहे, कुठे पान रिकामं आहे ते कळतं. प्रोग्राम नोट, म्हणजे कार्यक्रमाबरोबर मिळणारी छापील माहिती, मात्र मी सांगेन ऐकून झाल्यावर वाचा. आधी फक्त तीन गोष्टी बघून घ्या: किती मिनिटांचं आहे, मूव्हमेंट (कामाचे वेगवेगळे भाग) किती आहेत, वाद्यं कोणती आहेत. किती वेळ चालणार हे माहीत असलं की जीव शांत राहतो, खरंच मोठा फरक पडतो. कॉन्सर्टच्या आधी संगीतकाराशी गप्पा ठेवल्या असतील तर त्याला जा, बऱ्याचदा तिकिटातच असतं, आणि लिहिणारा माणूस स्वतः दोन वाक्यांत जे सांगतो ते छापील नोटच्या चार परिच्छेदांत येत नाही.

कुठे बसायचं: चेंबरला पुढे, दुसरी-तिसरी-चौथी रांग, म्हणजे श्वास घेतलेला ऐकू येतो आणि एकमेकांकडे बघून एकत्र कसे सुरू होतात ते दिसतं. ऑर्केस्ट्राला बरोबर उलट, मागे किंवा वर बाल्कनीत मध्यभागी, कारण नव्या कामात पर्कशनवाले खूप काही करत असतात आणि खालून ते लपतात. स्पीकर, इलेक्ट्रॉनिक्स असलेलं काम असेल, सारियाहोंची बरीच आहेत, तर साऊंडवाला मिक्सर घेऊन हॉलमध्ये जिथे बसलाय त्याच्या आसपासची सीट मिळवा, सगळा बॅलन्स तिथे बसून केलेला असतो.

आणि प्रत्यक्ष ऐकताना? चाल शोधू नका, हे पहिलं. म्हणजे चाल आली तर घ्याच, पण ती येईल म्हणून वाट बघत बसलात तर बाकीचं सगळं निघून जातं. त्याऐवजी आवाजाचा पोत ऐका, खरखरीत आहे की गुळगुळीत, जाड की पातळ, आणि तो कधी बदलतो. तंतुवाद्यांत हे बघायलाही मिळतं. बो (वाजवायचा गज) घोडीच्या अगदी जवळ गेला की आवाज धातूसारखा, काचेसारखा होतो, त्याला सुल पॉन्टिचेल्लो म्हणतात, उलट बोटांच्या बाजूला फिंगरबोर्डवर आला की मऊ, हवेशीर, बासरीकडे झुकणारा. बोच्या लाकडाने तारेवर मारलं की टकटक, ते कोल लेन्यो. क्लॅरिनेटमधून एकाच वेळी दोन-तीन सूर निघाले तर वाद्य बिघडलेलं नाही, ते मल्टिफोनिक्स. व्हायब्राफोनच्या (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) पट्टीच्या कडेवर चेलोचा बो ओढतात, तो आवाज कुठून येतोय हे बघायला मान वळवाच. जॉर्ज क्रम्बच्या 1970 च्या 'ब्लॅक एंजल्स'मध्ये तर क्वार्टेटवाले पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांवर बो फिरवतात, टॅम-टॅम (मोठी गाँग) वाजवतात आणि तोंडाने ओरडून आकडे मोजतात, आणि व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत लिहिलेल्या त्या कामात यातलं काहीही गंमत म्हणून नाहीये. हेच रेडिओवर ऐकून डेव्हिड हॅरिंग्टन यांनी 1973 मध्ये क्रोनोस क्वार्टेट सुरू केली, आणि मग त्यांच्यासाठी नव्या संगीतकारांनी शेकडो कामं लिहिली, वरचं 'डिफरंट ट्रेन्स' त्यातलंच.

लांब, हलतच नाहीत असे वाटणारे सूर आले तर काय करायचं हाही प्रश्न येतो. आइसलंडच्या आना थोरवाल्सदोत्तिर यांच्या स्कोअरमध्ये वादकांसाठी सूचना असते की लांब धरलेला सूर म्हणजे हातातलं नाजूक फूल समजा, पातळ दोरीवरून ते न पाडता पलीकडे न्यायचंय. ही सूचना ऐकणाऱ्यालाही तेवढीच लागू होते असं मला वाटतं. त्यांचं 'मेटाकॉसमॉस' ऐकताना एकच वाद्य निवडा आणि त्याचा सूर संपेपर्यंत त्याच्याबरोबर राहा, मग दुसरं. विलंबित आलाप ऐकायची सवय असलेल्याला हे जमायला अजिबात वेळ लागत नाही, तिथेही आपण पुढच्या सुराची घाई करत नाहीच की.

मध्येच लक्ष उडालं तर घाबरू नका, सगळ्यांचं उडतं. कंडक्टरच्या डाव्या हाताकडे बघा, पुढे काय येणार, कोण सुरू होणार हे तो हात आधी सांगतो, तिथून परत आत शिरता येतं. टाळ्यांचं सोपं आहे, मूव्हमेंटच्या मध्ये नाही, आणि शेवटी कंडक्टरचे हात पूर्ण खाली आल्याशिवाय नाही. नव्या कामांत शेवटची शांतता बऱ्याचदा स्कोअरमध्ये लिहिलेली असते, तीही संगीतच, प्लीज ती कोणाची मोडू नका.

संपल्यावर संगीतकार हॉलमध्ये असेल तर कंडक्टर हाताने खूण करून उभं करतो किंवा स्टेजवर बोलावतो. नंतर बाहेर भेटले तर जाऊन बोला, बहुतेक जण आनंदाने बोलतात. "याचा अर्थ काय" हा प्रश्न टाळा, त्याऐवजी एखादी नेमकी जागा विचारा, "ते मधे पियानोच्या आत हात घालून काय करत होते" असं. उत्तर लगेच आणि उत्साहात येतं. आणि आवडलं नाही तरी बिनधास्त गप्प राहा, उगाच छान म्हणायची गरज नाही.

त्याच रात्री, घरी जाताना, दोन जागा आठवून फोनवर टाईप करून ठेवा, कुठे कान टवकारले आणि कुठे कंटाळा आला. मग प्रोग्राम नोट वाचा. मग महिन्या-दोन महिन्यांनी तेच काम परत ऐका, आणि शक्य असेल तर लाईव्ह. नव्या कामाला पहिला प्रयोग मिळतो कारण प्रीमियर म्हणून जाहिरात करता येते, काम लिहून घेण्यासाठी दिलेले (कमिशनचे) पैसे आलेले असतात, पण दुसरा, तिसरा प्रयोग मिळणं कठीण असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगाला भरलेल्या खुर्च्या संगीतकाराच्या फार उपयोगी पडतात. बूझी अँड हॉक्स आणि वाईज म्युझिक यांच्या साईटवर संगीतकाराच्या नावाने पुढच्या प्रयोगांची यादी मिळते, कुठलं शहर, कुठली तारीख, कोण वाजवणार, सगळं. तुमच्या माणसाचं पान बुकमार्क करून ठेवा आणि यादीत एखादा क्वार्टेटचा कार्यक्रम दिसला तर ऑर्केस्ट्राच्या आधी त्याचं तिकीट काढा.