पब्लिक इमेजचं काम अंगावर आलंय? आधी शिबिराच्या आदल्या आठवड्याकडे बघा

रोटरी क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पदग्रहण झालं की आठवडाभरात कुणीतरी तुम्हाला म्हणतं, "तुमचं मराठी चांगलंय, पब्लिक इमेज तुम्ही बघा," म्हणजे क्लबाच्या प्रसिद्धीचं काम. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी हे काम केलंय, आणि सुरुवातीचे महिने किती एकटे जातात ते मला अजून आठवतं. म्हणून जे सांगतो ते जरा रोखठोक सांगतो.

माझ्या हाती आली ती कात्रणांची एक जाड फाईल. कुठलंही पान उघडा, फोटो एकच: मागे बॅनर, पुढे रांगेत उभे पदाधिकारी, खाली पंधरावीस नावं आणि प्रत्येक नावामागे 'रो.'. हे 'रो.' म्हणजे रोटेरियन, क्लबाचा सदस्य, हे क्लबाबाहेर कुणाला ठाऊक नसतं. पण नावांचं सोडा, खरी गोष्ट वेगळीच होती. सगळी कात्रणं कार्यक्रम झाल्यानंतरची. "शिबिर संपन्न", "शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद". शिबिर होणार आहे हे सांगणारं एकही नाही.

सापळा इथे आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण त्यात असलेल्या माणसाला आपलं काम उत्तम चाललंय असंच वाटत राहतं. शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर बातमी येते. कात्रण ग्रुपवर पडतं, अंगठे आणि फुलं येतात, रोटरी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लब मिळून असलेल्या विभागाच्या, अहवालाला ते जोडलं जातं. अध्यक्ष खूश, सचिव खूश. ज्या म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तिला मात्र शिबिराचा पत्ताच नसतो. तिचा नातू संध्याकाळी पारावर पेपर वाचतो आणि विचारतो, "पुढचं कधी हाय?" आपण म्हणतो, पुढच्या वर्षी. ही प्रसिद्धी आपण आपल्यालाच केलेली असते. कार्यक्रमानंतरची बातमी देऊ नका असं मी म्हणत नाही. ती दुय्यम आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

आता आपल्या भागाकडे बघा. केज, धारूर, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातली घरंच्या घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. डोळ्यांची शिबिरं आपण घेतो तीही नेमकी हिवाळ्यात, कारण ऑपरेशन थंडीतच करावं असा लोकांचा समज आहे. डॉक्टर सांगतात की कुठल्याही ऋतूत चालतं, पण समज जात नाही. म्हणजे ज्या महिन्यांत आपण बोलावतो, त्याच महिन्यांत आजोबांना घेऊन येणारं घरी कुणी नसतं. 'मोफत' हा शब्द फ्लेक्सवर कितीही मोठा छापा, त्यांचा प्रश्न पैशाचा नसतोच. ते विचारतात, "मला परत घरी कोण आणून सोडणार?"

म्हणून निरोपात हे उत्तर आधी हवं. असं काहीतरी: "बुधवारी सकाळी ९ वाजता, जिल्हा परिषद शाळेत डोळे तपासणी. ऑपरेशन लागलं तर आमची गाडी दवाखान्यात नेईल आणि घरी आणून सोडेल. जेवणाची सोय आहे. आधार कार्ड आणि चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या सोबत आणा. सोबत कुणी नसलं तरी या." प्रमुख पाहुणे कोण, ते यात नको. गाडीची सोय खरोखर नसेल तर ते वाक्यही लिहू नका. गावाने एकदा फसल्याचं मनात धरलं की पुढचे दोनतीन अध्यक्ष येऊन जातात, तरी तिथे माणूस गोळा होत नाही.

हा निरोप पोचवायला मोठं बजेट लागत नाही. आशाताईंना घरन्‌घर माहीत असतं, कुणाला दिसत नाही तेही. ग्रामपंचायतीची दवंडी, देवळावरचा भोंगा, आठवडी बाजारात फिरणारी रिक्षा, आकाशवाणीचं बीड केंद्र. आणि हरिनाम सप्ताह चालू असेल तर कीर्तनाआधीची दोन मिनिटं मागून घ्या, मंडळी आनंदाने देतात. रील करून देणारी पोरं आणि पेज बूस्ट करून देणारे लोक तुम्हाला भेटतीलच. नवे सदस्य मिळवायला त्यांचा थोडा उपयोग होतो. मोतीबिंदूच्या रुग्णापर्यंत मोबाईलच्या पडद्यावरून पोचता येत नाही.

पत्रकारांबद्दल एक माजी अध्यक्ष मला सांगायचे, "ओळख ठेवा, बाकी आपोआप होतं." मला हे पटत नाही. ६ जानेवारीला, १८३२ साली 'दर्पण' सुरू झालं म्हणून साजऱ्या होणाऱ्या पत्रकार दिनी, आपण शाल-श्रीफळ देतो. आदर म्हणून जरूर द्या, पण ते प्रसिद्धीचं काम नव्हे. तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा दुकान किंवा नोकरी सांभाळून बातम्या पाठवतो. त्याला दुपारपर्यंत, नीट टाईप केलेला दहा ओळींचा मजकूर द्या. पहिल्याच ओळीत काय, कुठे, कधी. फोटो वेगळा आणि त्यात काम दिसू द्या: डोळा तपासणारे डॉक्टर, रांगेतली माणसं. १७ सप्टेंबरच्या आसपास बातमी लावायचा आग्रह धरू नका, मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणांनी पानं भरलेली असतात. तो जाहिरात मागेल तेव्हा रागावू नका, क्लबाला जमत असेल तर दिवाळीत एक द्या. पण जाहिरातीच्या बदल्यात बातमी, असा सौदा करू नका.

आकडे फुगवू नका. रोटरीच्या चतुर्विध कसोटीतला, म्हणजे सदस्याने स्वतःला विचारायच्या चार प्रश्नांतला, पहिलाच प्रश्न 'हे सत्य आहे का?' असा आहे, आणि आपण साठ माणसं तपासून 'शेकडोंनी लाभ घेतला' छापतो. गाव लहान असतं, शाळेच्या पटांगणात किती जण होते ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सॅनिटरी पॅड वाटताना मुलींचे चेहरे फोटोत नकोत, शाळेने हो म्हटलं तरी नकोत. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजीचा फोटो तिला विचारून घ्या.

लोक तुम्हाला तोंडावर म्हणतील, "तुमचा क्लब म्हणजे डॉक्टर-व्यापाऱ्यांची जेवणं." खचून जाऊ नका, माझ्याही ते जिव्हारी लागायचं. रोटरीने १९८५ साली पोलिओ प्लसचं, म्हणजे पोलिओ हटवायच्या मोहिमेचं, काम हाती घेतलं, २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. सरकार आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसोबत त्यात आपलाही वाटा आहे, तरी ज्या गावांत घरोघरी डोस पाजले गेले तिथे रोटरीचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. असल्या मोठ्या कामाची ओळख व्हायला वेळ लागतो, तशी तुमच्या क्लबालाही लागेल. वक्तृत्व येत नसलं, इंग्रजी अडखळत असलं तरी हे काम जमतं. माझ्या मते यात सगळ्यात चांगला गुरू म्हणजे एसटीचा निवृत्त कंडक्टर. कुठल्या गावात कुणाच्या शब्दाला मान आहे, ते त्याला पाठ असतं. पदाधिकाऱ्यांआधी त्याच्यासोबत बसा.

आणि एक वही आजच घाला. आशाताई, वार्ताहर, सरपंच, भोंगा चालवणारा पोरगा, बाजाराचे वार, सप्ताहाच्या तिथी, कुठल्या गावातून कुणाचं ऐकून किती माणसं आली. शिबिराच्या नोंदणी टेबलावर प्रत्येकाला "तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढं विचारा आणि नावापुढे लिहा. ३० जूनला पुढच्या माणसाच्या हाती कात्रणांच्या फाईलसोबत ही वहीही द्या.