पार्सलचे खोके आणि ओला कचरा: एकाच बादलीत खत

घरच्या खताच्या बादलीला दुर्गंधी सुटते ती बहुतेक वेळा ओल फार आणि कोरडा भाग कमी पडल्यामुळे. भाजीच्या देठा-सालींत कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण १५ ते २० ला १ असते आणि पुठ्ठ्यात ते ३५० च्याही वर जाते. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ते ३० ला १ मानवत असल्याने कोरडा भाग म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणण्याऐवजी दारात येणारे खोकेच वापरावे.

खोक्यावरची चिकटपट्टी, पत्त्याचे लेबल आणि पिना आधी काढाव्यात. पन्हळी पुठ्ठ्याचे थर बहुधा पिठूळ खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे ती खळ काढण्याची गरज नाही. मात्र झुरळांनाही ती आवडते, म्हणून खोकी रचून ठेवू नयेत. पुठ्ठ्याचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करून तळाशी जाड थर द्यावा, मग एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या तुकडे या हिशेबाने भरत जावे आणि विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा आंबट ताक घालावे. आठवड्यातून दोनदा खालीवर करावे. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखादाच थेंब यावा. धार लागली तर आणखी पुठ्ठा घालावा. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल ओढून घेतो, तेव्हा तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवलेले बरे.

खरी कसोटी असते ती काय नाकारायचे याची. शंका आली की तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी चोळावा: अंड्यांच्या ट्रेचा लगदा होतो, चहाच्या कागदी कपातून मात्र प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटून येतो. असे कप, मिठाईची चकचकीत खोकी आणि दुकानातली गुळगुळीत बिले बादलीत नकोत. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्याही नकोत, कारण त्यांतल्या बहुतेकींना मोठ्या प्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची उष्णता सलग लागते आणि घरची बादली तेवढी तापत नाही. फळांवरचे स्टिकरही सोलून टाकावेत. माझ्या तुळशीच्या कुंडीत दोन वर्षांनी सफरचंदाचा स्टिकर अक्षरांसकट जसाच्या तसा निघाला.

दोन-तीन महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे झाले की चाळून घ्यावे, आणि चाळणीत उरलेले पुठ्ठ्याचे तुकडे पुढच्या बादलीच्या तळाला घालावेत.