ब्रँडेड पीसीचा एसएमपीएस गेला तेव्हा

जुना ब्रँडेड डेस्कटॉप वापरत होतो, एक दिवस बटण दाबलं तर काहीच नाही, पंखा पण फिरेना. म्हटलं एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला असणार, साधा एटीएक्सवाला (म्हणजे नेहमीच्या स्टँडर्ड मापाचा) आणला आणि उघडून बघतो तर काय, मदरबोर्डावर नेहमीचा २४ पिनचा सॉकेट नाहीच, कंपनीचा स्वतःचा ६ पिनवाला! असेंबल केलेल्या मशीनला ही कटकट नसते राव, स्टँडर्ड एटीएक्स लावला की झालं. मग त्याच मॉडेलची २४ ते ६ पिन कन्व्हर्टर केबल मागवली (मॉडेल नीट बघून घ्या, पिनांचा क्रम वेगळा निघाला तर बोर्डच उडायचा). नवा एसएमपीएस काही कॅबिनेटमध्ये बसेना, म्हणून झाकण काढून बाहेरच ठेवलाय. दिसतं भंगार, पण चालू झालं एकदाचं.